मोठा बिल्ज पंप असूनही पाणी शिरलं: एका छोट्या शिडाच्या बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या तिघांनी भागीत घेतलेली ही जुनी बोट. २३ फूट लांब, फायबरग्लासची, एका डोलकाठीची, मागे बाहेरून लावलेलं छोटं पेट्रोल इंजिन. तिघांपैकी एकांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, दुसऱ्या डॉक्टर आहेत आणि तिसरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यांना सगळेच आण्णा म्हणतात. नावं इथे गाळली आहेत, खाडीचंही.

ऑक्टोबर ते मे बोट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत नांगरलेली असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ज्या दिवसांत ट्रॉलरसुद्धा बंदरात उभे असतात, त्या दिवसांत एवढीशी बोट पाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून मे संपायच्या आत ती ट्रेलरवर चढते, आंबा घाटातून वर येते आणि पावसाळाभर फाउंड्रीच्या शेडमध्ये राहते. समुद्रापासून लांब असलं तरी दुरुस्तीच्या कामाला कोल्हापूर चांगलं गाव आहे. लेथ, कास्टिंग, मोटर रिवाइंडिंग, पंपाचे सुटे भाग, सगळं उद्यमनगरात चार गल्ल्यांत मिळतं. माझं काम पंपांचं. मेमधल्या घटनेनंतर मला बोटीकडे बघायला बोलावलं आणि पुढचं सगळं काम आम्ही त्या शेडमध्ये मिळून केलं.

बोटीच्या तळाचा सगळ्यात खोल भाग म्हणजे बिल्ज. कुठूनही आत आलेलं पाणी शेवटी तिथेच जमतं: डोलकाठीच्या बुडातून झिरपणारा पाऊस, नांगराच्या साखळीबरोबर आलेलं पाणी, सुकाणूच्या बोल्टातून येणारे थेंब. ते बाहेर फेकणारा तो बिल्ज पंप. या बोटीच्या बाबतीत दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या सुरुवातीला वेगळ्या काढल्या गेल्या नाहीत. एक, मालक कोल्हापुरात असताना दोन-दोन आठवडे बोट एकटी असते. तेव्हा थोडं थोडं पाणी, कमीत कमी बॅटरी खर्चून, आपोआप बाहेर जायला हवं. दोन, समुद्रात असताना काही फुटलं-तुटलं तर भरपूर पाणी पटकन बाहेर जायला हवं. ही दोन्ही कामं एकाच पंपाकडून करून घ्यायचा प्रयत्न झाला, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच आल्या.

बोटीबरोबर आलेला जुना पंप ५०० गॅलनचा होता. तो गेल्यावर मालकांनी ११०० गॅलनचा घेतला. हे आकडे ताशी अमेरिकन गॅलनचे असतात. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. म्हणजे नवा पंप कागदावर मिनिटाला सुमारे ६९ लिटर टाकणारा. पाणी चढलं की तरंगून वर येणारा आणि पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच नवा घेतला. पाइप मात्र जुनाच ठेवला, १९ मिलिमीटरचा, आतून वळ्या असलेला. पंपाचं तोंड २८ मिलिमीटरचं, म्हणून मध्ये रिड्यूसर घातला. पाणी बाहेर पडण्याचं छिद्रही जुनंच राहिलं: डाव्या बाजूला, पाणरेषेच्या साधारण २५ सेंटिमीटर वर.

पहिली तक्रार: बॅटरी

नवा पंप बसल्यापासून प्रत्येक फेरीत बॅटरी मेलेली सापडायला लागली. बिल्जमध्ये पाणी तर तांब्याभरच असायचं. एका मुक्कामात रात्री कान देऊन ऐकल्यावर कारण कळलं. पंप चालू व्हायचा, काही सेकंदांत बंद व्हायचा, आणि लगेच पुन्हा चालू. पंप थांबला की पाइपमध्ये उभं असलेलं पाणी परत खाली यायचं, फ्लोट उचललं जायचं आणि पंप तेच पाणी पुन्हा वर ढकलायचा.

हिशेब सोपा आहे. १९ मिलिमीटरच्या साडेतीन मीटर पाइपमध्ये जवळजवळ एक लिटर पाणी मावतं. बिल्जमधला खड्डा जेमतेम २० बाय १२ सेंटिमीटरचा. त्यात एक लिटर परत आलं की पातळी चार सेंटिमीटर चढते, आणि एवढ्यात हा फ्लोट स्विच पुन्हा लागतो. पंप चूक करत नव्हता. त्याला जे दिसत होतं त्याप्रमाणे तो चालत होता.

आण्णांनी पाइपमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवायला सांगितलं. त्यांचं आयुष्य उपसा सिंचनात गेलेलं. नदीवरून उसाला पाणी उचलणाऱ्या मोटरला खाली फूटव्हॉल्व्ह आणि वर डिलिव्हरीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर मोटर बंद पडली की पाइपमधला उभा स्तंभ उलटा येऊन पंप मारतो आणि सक्शनही सुटतं. पंचगंगेकाठचा कुठलाही शेतकरी हे सांगेल. व्हॉल्व्ह बसला, पाणी परत येणं थांबलं, बॅटरी टिकायला लागली. तक्रार मिटली असं सगळ्यांनी धरलं.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच आहे. लक्षण गेलं होतं, पण पाणी बोटीतून बाहेर कोणत्या वाटेने जातं हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. फूटव्हॉल्व्हचं ज्ञान शंभर टक्के खरं आहे, पण नदीच्या पंपाचा पाया हलत नाही आणि त्याचं डिलिव्हरीचं तोंड कधी नदीच्या पातळीखाली जात नाही. शिडाची बोट कलते, आणि कलली की तिची भूमिती बदलते.

मेमधली घटना

दुपारचा वायव्य वारा, पंधरा नॉटच्या वर. बोट खाडीतून निघून पश्चिमेला चालली होती, वारा उजवीकडून, म्हणजे बोट डावीकडे कललेली. सुरुवातीला पंपाचा आवाज मधून मधून येत होता. मग तो आवाज मंदावला आणि थांबला. पंप शांत झाला म्हणजे बिल्ज कोरडं झालं, असं तिघांनी धरलं. सुकाणूजवळ पंपाचा दिवा नव्हता, पाण्याच्या पातळीचा अलार्म नव्हता. त्यामुळे तसं धरण्यात कोणाची बेफिकिरी होती असं मी म्हणणार नाही. आवाज सोडून त्यांच्याकडे दुसरी खूण नव्हती.

डॉक्टर पाण्याची बाटली आणायला आत उतरल्या तेव्हा फळ्यांवर पाणी आलेलं होतं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर हाताचं बोट त्या पाण्यात बुडवून चव घेतली. खारं. म्हणजे पाऊस नाही, पिण्याच्या टाकीची गळती नाही, समुद्र आत येतोय. आतला हातपंप ओढून बघितला तर त्याचा रबरी पडदा चिरलेला आणि दांडा कुठे ठेवलाय ते कोणालाच आठवेना. फाउंड्रीवाल्यांनी बोट वळवली आणि बाकीचे दोघे एक बादली आणि एक पातेलं घेऊन उपसायला लागले.

परतताना वारा दुसऱ्या बाजूने आला, बोट उजवीकडे कलली, आणि पाणी वाढायचं थांबलं. डॉक्टरांनी ही गोष्ट आल्या-आल्या वहीत लिहून ठेवली: "जाताना पाणी वाढत होतं, येताना नाही." पुढच्या निदानात याच्याइतकी उपयोगी दुसरी नोंद नव्हती. तळाला भोक पडलं असतं तर पाणी दोन्ही वेळा आलं असतं.

निदान

शेडमध्ये आल्यावर आधी मोजमाप केलं. बोटीची रुंदी २.४ मीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत १.२ मीटर. बोट २० अंश कलली की ती कड साधारण ४० सेंटिमीटर खाली जाते. छिद्र पाणरेषेच्या २५ सेंटिमीटर वर, म्हणजे कलल्यावर ते १५ सेंटिमीटर पाण्याखाली. पंप एकदा चालला की पाइप पाण्याने भरतो. थांबला की तोच भरलेला पाइप सायफन होऊन समुद्र आत ओढतो. या जातीचा सेंट्रिफ्यूगल पंप बंद असताना उलट वाहणाऱ्या पाण्याला अडवत नाही, ते इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या, फटीतून निवांत आत येतं.

मग नॉन रिटर्न व्हॉल्व्ह काय करत होता? आम्ही तो काढून व्हाइसमध्ये धरला आणि हॅकसॉने उभा चिरला. आत रबरी झाकण आपल्या बैठकीवर टेकलेलं नव्हतं. केबल टायचं कापलेलं शेपूट, नखाएवढं, झाकणाच्या कडेला आडवं बसलं होतं आणि त्याभोवती केस आणि फायबरचा चिकट गाळ गुंडाळला गेला होता. दोन-तीन मिलिमीटरची फट. बोटीची वायरिंग करताना कापलेली अशी शेपटं बिल्जमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीखालून आत जातात. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ते चिमट्याने उचलून दाखवलं आणि म्हणाले, "आण्णा, व्हॉल्व्ह खराब न्हाई. हितं त्यो बसवायचाच न्हवता." आण्णांनी ते ताबडतोब मान्य केलं, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं.

लहान बोटींच्या बिल्ज पंपासाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं एच-२२ हे मानक आहे. त्याचीही भूमिका हीच: सायफन रोखण्यासाठी नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. तो उघडा अडकला तर समुद्र आत येतो. बंद अडकला तर पंप फिरत राहतो आणि पाणी हलत नाही. आणि व्हॉल्व्हवर पाण्याचा स्तंभ उभा असताना पंपात हवा अडकली, तर या छोट्या पंपात ते झाकण उचलण्याएवढा जोर राहत नाही.

दुसरा प्रश्न, पंप थांबला का? पंपाची वायर बिल्जमध्येच जोडलेली होती, पिळून वर काळी टेप मारलेली. टेप सोलली तर आत तांब्याची वायर हिरवी-काळी झालेली, हाताने ओढली तर तुटली. पाणी चढल्यावर हा जॉइंट बुडाला आणि पंपाचा आवाज मंदावत थांबला. म्हणजे पाणी वाढलं तसा पंपच आधी गेला.

तिसरी गोष्ट कोणी विचारलीही नव्हती, पण मला तीच सगळ्यात धोक्याची वाटली. पंपाच्या पत्रकात ५ अँपिअरचा फ्यूज सांगितलेला, आणि बसवलेला १५ अँपिअरचा, कारण दुकानात तोच मिळाला. इम्पेलरमध्ये काही अडकून मोटर जागच्या जागी थांबली, तर ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, पण १५ चा फ्यूज उडेल एवढा नाही. मग तापते ती वायर आणि मोटर. त्यातच पेट्रोलचा कॅन कॉकपिटच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, बंद पेटीत होता आणि त्या पेटीचा तळ बिल्जला उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून नेमकी बिल्जमध्ये बसते, जिथे तो टेपचा जॉइंट होता. पाणी उपसता येतं. आगीला बोटीवर पळायला जागा नसते.

बादलीची चाचणी

पर्यायांवर बोलण्याआधी पंप खरोखर किती टाकतो ते बघायचं ठरलं. बोट ट्रेलरवर होती. बिल्जमध्ये नळ सोडला आणि बाहेर २० लिटरची बादली धरून घड्याळ लावलं. कागदाप्रमाणे बादली १७ सेकंदांत भरायला हवी. होता तसा पंप, तसाच पाइप आणि व्हॉल्व्ह ठेवून तिला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं. व्हॉल्व्ह काढला, थोडी सुधारणा. वळ्यांचा पाइप काढून आतून गुळगुळीत, २८ मिलिमीटरचा पाइप लावला, मोठी सुधारणा. शेवटी पातळ वायर बदलून जाड वायर घातली आणि बॅटरीला चार्जर जोडला, तेव्हा बादली बावीस-तेवीस सेकंदांवर आली. पंप तोच होता.

डब्यावरचा आकडा पाइप न लावता, पाणी वर न उचलता आणि बहुधा १३.६ व्होल्टवर मोजलेला असतो. मोटरपंपाच्या हेडचं, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं याचं, गणित शेतीत सगळ्यांना माहीत असतं, पण बारा व्होल्टचा हातात मावणारा पंप घेताना तेच लोक फक्त गॅलन बघतात. वायरचंही तसंच. बॅटरीपासून पंप चार मीटरवर, जाऊन-येऊन आठ मीटर वायर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ४ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे बाराचे सात टक्के. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये पाव व्होल्ट. अशा महत्त्वाच्या सर्किटला तीन टक्क्यांच्या आत राहावं असा प्रघात आहे.

कोणते पर्याय समोर होते

फाउंड्रीवाल्यांचा कल सरळ होता: २००० गॅलनचा पंप घ्या, विषय संपवा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. कागदावर गणित मांडलं. पाणरेषेखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ५५ लिटर पाणी आत येतं. ३८ मिलिमीटरचं असेल तर १३० लिटर. भोकाचा व्यास दीडपट झाला की पाणी सव्वादोनपट होतं. २००० गॅलनचा पंप कागदावर मिनिटाला १२६ लिटर टाकतो, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. म्हणजे या मापाच्या बोटीत बसेल असा कुठलाही बॅटरीवरचा पंप मोठ्या भोकावर मात करणार नाही. तो वेळ मिळवून देतो, भोक शोधायला आणि बुजवायला. हे पटल्यावर चर्चा पंपाच्या आकारावरून हलली आणि बोटीला पाणरेषेखाली छिद्रं किती आहेत, प्रत्येकाजवळ त्या मापाची लाकडी खुंटी बांधलेली आहे का, इकडे वळली.

शिवाय २००० गॅलनचा पंप एकटाच बिल्जच्या तळाशी बसवला असता, तर जाड पाइपमधून परत येणारं पाणी आणखी वाढलं असतं. २८ मिलिमीटरच्या साडेतीन मीटर पाइपमध्ये दोन लिटरच्या वर पाणी मावतं. पहिली तक्रार दुपटीने परत आली असती.

नवा, चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह लावायचा आणि दर महिन्याला साफ करायचा, हाही एक पर्याय होता. खर्च सगळ्यात कमी. पण ज्या भागाच्या बिघाडाने बोट बुडू शकते, तो भाग बिल्जच्या गाळात ठेवून शिस्तीवर विसंबणं मला मान्य नव्हतं. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं, "दर महिन्याला आपण साफ करणार नाही. ओपीडी सोडून मी येते तेव्हा शीड वर करायला येते." हे प्रामाणिक उत्तर होतं आणि निर्णय त्यावरच झाला.

राहिला पाइपचा मार्ग बदलण्याचा पर्याय. सध्याचा पाइप बिल्जमधून आडवा जाऊन हळूहळू चढत डाव्या कडेला पोचत होता, म्हणून पंप थांबला की पूर्ण लांबीचं पाणी परत यायचं. तोच पाइप पंपापासून सरळ उभा, डेकच्या खालच्या अंगाला मधल्या रेषेवर जमेल तेवढा उंच नेला आणि तिथून पुढे उताराने मागे सोडला, तर परत येणारं पाणी फक्त उभ्या तुकड्यातलं राहतं. उंची १.१ मीटर, १९ मिलिमीटरचा पाइप, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या आसपास. खड्ड्यात सव्वा सेंटिमीटर चढ. फ्लोट हलत नाही. त्याच सर्वांत उंच वळणावर हवा घेणारी छोटी झडप बसवली की सायफनही तुटतो. वळण मधल्या रेषेवर असल्यामुळे बोट कुठेही कलली तरी ते पाण्याच्या वरच राहतं. बॅटरीची तक्रार आणि समुद्राची तक्रार, दोन्हींवर एकाच मार्गाने उत्तर मिळत होतं, आणि त्यात बिल्जच्या गाळात बसणारी झडप एकही नव्हती.

काय केलं

बाहेर पडण्याचं छिद्र बोटीच्या मागच्या भिंतीवर, मधल्या रेषेजवळ, पाणरेषेच्या ३५ सेंटिमीटर वर नेलं. डाव्या बाजूचं जुनं छिद्र दोन्ही अंगांनी तासून फायबरचे थर देऊन बंद केलं.

पंप दोन झाले. खड्ड्याच्या तळाशी नवा ५०० गॅलनचा, १९ मिलिमीटरच्या गुळगुळीत पाइपवर. एरवी झिरपणारं पाणी तो काढतो. आधीचा ११०० चा पंप स्वच्छ करून त्याच्या वर, हाताच्या वितीएवढ्या उंचीवर, कंसावर बसवला. त्याचा २८ मिलिमीटरचा पाइप वेगळा, वळण वेगळं आणि बाहेर पडण्याचं छिद्रही वेगळं. दोन पंप एका पाइपला जोडण्याचा मोह होतो, भिंतीला एक भोक कमी पाडावं लागतं. पण मग एका पंपाचं पाणी दुसऱ्यातून परत आत येतं. वरच्या पंपाच्या फ्लोटलाच भोंगा आणि लाल दिवा जोडला. पंचगंगेच्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे कोल्हापुरात मुलांनाही पाठ असतं. इथेही तशाच दोन पातळ्या झाल्या. खालचा पंप चालला तर सुकाणूजवळ हिरवा दिवा. वरचा लागला तर भोंगा, आणि भोंगा वाजला की शीड उतरवून आत बघायचं.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची. जॉइंट आत गोंद असलेल्या हीट श्रिंकचे (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि तेही बिल्जमध्ये नाहीत, बाकाखाली उंचावर. दोन्ही पंपांच्या स्वयंचलित जोडण्या मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतल्या, म्हणजे जाताना मेन स्विच बंद केला तरी पंप जिवंत राहतात. प्रत्येकाला त्याच्या पत्रकातला फ्यूज, बॅटरीला लागून, आणि त्याच मापाचे जादा फ्यूज डबीत. बॅटरी भरती ठेवायला २० वॉटचं सोलर पॅनेल कंट्रोलरसह. पेट्रोलचा कॅन उघड्या हवेत, मागे बांधलेल्या जागी गेला.

हातपंप नवा घेतला, रबरी पडद्याचा, आणि तो आतून काढून कॉकपिटमध्ये बसवला. सुकाणू हातात ठेवून, आतलं दार बंद असताना ओढता येईल असा. दांडा दोरीने जागेवर बांधला. असा पंप जोर लावून ओढला तर मिनिटाला तीस-चाळीस लिटर पाणी जातं, पण माणूस दहा-पंधरा मिनिटांत दमतो. म्हणून शर्यतींच्या ऑफशोअर नियमांत सांगतात तशा, किमान नऊ लिटरच्या, दोरी बांधलेल्या दोन दणकट बादल्याही ठेवल्या. त्या बादल्यांसाठी फाउंड्रीवाल्यांना समजवावं लागलं नाही. मेमध्ये पातेल्याने पाणी त्यांच्याच बोटीतून उपसलं गेलं होतं.

देखभालीचं कोष्टक डॉक्टरांनी एका पानावर बसवलं आणि लॅमिनेट करून दाराच्या आतल्या बाजूला लावलं. निघण्याआधी दोन्ही फ्लोट हाताने उचलून पंप चालतात का बघायचं. महिन्यातून एकदा बिल्जमध्ये गोडं पाणी ओतून बादलीची चाचणी घ्यायची आणि सेकंद लिहायचे. सेकंद वाढले म्हणजे जाळी, पाइप किंवा वायर यांपैकी काहीतरी बिघडतंय. हंगामाच्या शेवटी झडपा कोमट पाण्यात भिजवून मिठाचे खडे काढायचे, हातपंपाचा पडदा उघडून चिरा बघायच्या. आणि तेल किंवा पेट्रोल दिसलं तर पंप लावायचा नाही, शोषणाऱ्या कापडाने टिपून कोल्हापूरला परत आणायचं.

परिणाम

पुढच्या हंगामात त्याच वाऱ्यात, त्याच दिशेला, मुद्दाम कलवून बोट चालवली. बिल्ज कोरडं राहिलं. पंप पुन्हा पुन्हा सुरू-बंद होणं थांबलं आणि बॅटरी दोन आठवड्यांनंतरही भरलेली सापडते.

खालच्या पंपाला एक छोटा काउंटर लावला होता, पंप किती वेळा सुरू झाला ते मोजणारा. त्याचा खर्च सगळ्यात कमी आणि उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसानंतर आकडा एकदम वाढलेला दिसला. राहिलेलं पाणी गोडं होतं, म्हणून शोध तळाकडे न जाता वर गेला. कॉकपिटच्या निचऱ्याच्या भोकात पानं अडकली होती आणि तिथे साठलेलं पाणी पेटीच्या झाकणातून आत जात होतं. तीन चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३०० लिटर पाणी होतं. निचरा तुंबला तर ते सगळं बिल्जमध्येच येणार. पंपाने ते निमूटपणे बाहेर टाकलं. काउंटर नसता तर कोणाला कळलंही नसतं.

एक त्रासही झाला. वळणावरची झडप मिठाने अर्धवट उघडी राहिली आणि पंप चालताना बाकावर पाणी उडायला लागलं. धोका काही नव्हता, पण गादी भिजली. झडपेला बारीक नळी लावून तिचं तोंड कॉकपिटकडे काढलं.

पुन्हा करायचं झालं तर

पैशांचा क्रम मी बदलेन. या कामात आधी बॅटरीवरच्या पंपांची खरेदी झाली आणि हातपंप शेवटी आला. मे महिन्यात बॅटरीवरचं सगळं जाग्यावर बसलं होतं तेव्हा चालणारा हातपंप आणि एक नीट बादली असती, तर त्या तिघांची भीती निम्मी झाली असती. छोट्या बोटीला आधी हातपंप, मग छोटा स्वयंचलित पंप, मग अलार्म, आणि जमलं तर मोठा पंप. बाहेर लावलेल्या इंजिनाच्या, पाणरेषेखाली दोनच छिद्रं असलेल्या या बोटीला मोठा पंप लागतोच का, यावर आमचं एकमत अजून नाही. फाउंड्रीवाले म्हणतात लागतो. माझ्या मते त्या पैशात पाणरेषेखालची छिद्रं बंद करणारे दोन्ही जुने कॉक बदलून आधी घ्यायला हवे होते. ते काम या पावसाळ्यावर गेलंय.

दुसरं, बोट विकत घेतानाच कलण्याची चाचणी करता आली असती. खाडीत शांत पाण्यात तीन-चार माणसांना एका कडेला बसवायचं आणि प्रत्येक छिद्र पाण्यापासून किती वर उरतं ते टेपने बघायचं. माणसांच्या वजनाने बोट २० अंश कलत नाही, पण छिद्र कोणत्या बाजूला आहे आणि किती लवकर पाण्याकडे येतं ते कळतं, बाकी गणित कागदावर होतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरं, बॅटरी मरते या तक्रारीच्या वेळीच पाइपचा मार्ग कागदावर काढायला हवा होता. आण्णांनी आता तो काढलाय, सिंचनाच्या नकाशात कालवा काढावा तितक्या काळजीने, प्रत्येक वळणाची उंची लिहून. त्याची एक प्रत बोटीवर, एक शेडमध्ये, आणि ५०० गॅलनचा एक जादा पंप, वायरला कनेक्टर आधीच लावून, डबाबंद करून बाकाखाली ठेवला आहे.